साक्षीपुराव्यांचं बाड

हातात घेतलं की त्याचं वजन आधी मनगटाला कळतं. चारशे-पाचशे पानं, सगळी पाठकोरी. वर आय-१४० नावाचा सरकारी फॉर्म, त्याखाली वीस-पंचवीस पानांचं निवेदन, मग अनुक्रमणिका आणि त्यानंतर एक्झिबिट एक, एक्झिबिट दोन, एक्झिबिट तीन करत पुराव्यांच्या थप्प्या. टाचणी नाही, भोकं पाडलेली नाहीत, बाइंडिंग नाही. टपालातून उतरल्याबरोबर हे सगळं स्कॅनरखालून जायचं असतं. दिसायला ते एखाद्या तालुका कोर्टात पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या जमिनीच्या दाव्याच्या कागदांसारखं दिसतं. यातला दावा मात्र जमिनीचा नसतो. एका माणसाने आयुष्यभर केलेलं काम खरोखर मोलाचं आहे, एवढाच तो दावा असतो.

अमेरिकेत कायमचं राहण्याची परवानगी, म्हणजे ग्रीनकार्ड, मिळवण्याच्या ज्या वाटा आहेत त्यांतल्या एका वाटेवरचं हे बाड. वाटेचं सरकारी नाव ईबी-१ए. विज्ञान, कला, शिक्षण, व्यवसाय आणि क्रीडा या क्षेत्रांत ज्यांची क्षमता विलक्षण आहे, अशांसाठी ती राखलेली. मी ते पहिल्यांदा पाहिलं टेक्सासमध्ये, माझ्या भाचीच्या जेवणाच्या टेबलावर. भाची यवतमाळ जिल्ह्यातली, पांढरकवड्याकडची. भूजलातलं फ्लोराइड शोषून घेणाऱ्या पदार्थांवर तिचं संशोधन आहे. पानांना क्रमांक घालायला म्हणून मी तिच्या मदतीला बसले आणि क्रमांक घालता घालता ते सगळं वाचून काढलं. कागदाला स्वभाव असतो हे मला तेव्हा पटलं.

या बाडाचा जन्म १९९०चा. त्या वर्षी २९ नोव्हेंबरला थोरल्या जॉर्ज बुश यांनी नव्या इमिग्रेशन कायद्यावर सही केली. त्या कायद्याने मागितलं ते दोन ओळींत मावतं: देशात किंवा जगात टिकून राहिलेली मान्यता, आणि ती सिद्ध करणारे भरपूर कागद. पुढे नियमांनी त्यात भर घातली की अर्जदार आपल्या क्षेत्राच्या अगदी शिखरावर पोहोचलेल्या मोजक्या लोकांपैकी असावा. नोबेलच्या तोडीचा एखादा पुरस्कार असेल तर तेवढा एकच पुरावा पुरतो. नसेल तर दहा कसोट्या आहेत आणि त्यांतल्या किमान तीन पुऱ्या कराव्या लागतात. राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय पारितोषिकं, कर्तृत्व पाहूनच सभासद करून घेणाऱ्या संस्थांचं सभासदत्व, अर्जदाराबद्दल इतरांनी छापलेला मजकूर, इतरांच्या कामाचं परीक्षण, क्षेत्रावर मोठा परिणाम करणारं मूळ योगदान, अभ्यासपूर्ण लेख, कलाप्रदर्शनं, नामांकित संस्थेतली कळीची भूमिका, इतरांच्या मानाने जास्त पगार, आणि रंगभूमी-संगीतासारख्या कलांमधलं व्यावसायिक यश. संशोधकांची बाडं बहुधा यांतल्या तीन कसोट्यांवर उभी राहतात: परीक्षण, लेख आणि मूळ योगदान. पहिल्या दोन जमवता येतात. तिसरीपाशी भल्याभल्यांचा कस लागतो.

बाडाच्या स्वभावातला पहिला गुण म्हणजे स्वाभिमान. ग्रीनकार्डाच्या नोकरीवरच्या बहुतेक वाटांवर अर्ज मालक करतो. त्याआधी मालकाला जाहिरात द्यावी लागते, या जागेसाठी योग्य असा अमेरिकन माणूस मिळाला नाही हे श्रम खात्याला दाखवावं लागतं, आणि एवढं होऊनही मालकाचं मन बदललं किंवा कंपनीने माणसं कमी केली की कर्मचारी पुन्हा सुरुवातीला येऊन उभा राहतो. हे बाड मालकाच्या सहीवर अडून राहत नाही. अर्जदार स्वतःच स्वतःचा अर्ज करू शकतो. नोकरी बदलली, प्रयोगशाळा बदलली, शहर बदललं तरी ते त्याच्याबरोबर चालतं. तो आपल्याच क्षेत्रात काम करत राहणार आहे एवढं त्याला दाखवावं लागतं. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर वर्षानुवर्षं काढलेल्या माणसाला या एका गुणाची किंमत कळते. नोकरी सुटल्यावर ज्याला देशात राहायला जास्तीत जास्त साठ दिवसांची सवलत मिळते, त्याच्या घरात बोलताना, झोपताना, मुलांची शाळा ठरवताना ते साठ दिवस कायम हजर असतात. भाचीच्या घरातही ते होते. बाड तयार व्हायला लागलं तसा तिच्या बोलण्यातला मालकाचा उल्लेख कमी होत गेला.

दुसरा गुण म्हणजे बोलण्यातला संयम. विलक्षण हा शब्द कपाळावर मिरवणाऱ्या बाडाला आत मोठे शब्द चालत नाहीत. भाचीच्या निवेदनाच्या पहिल्या खर्ड्यात 'क्रांतिकारी' होतं, 'अभूतपूर्व' होतं. तिने ते एकेक करून काढून टाकले. मी कारण विचारलं तर म्हणाली, "मावशी, वाचणारा अधिकारी रसायनशास्त्र शिकलेला असेलच असं नाही. त्याला माझ्या विशेषणांचा काय उपयोग? फ्लोराइड म्हणजे काय, ते पाण्यात किती झालं की त्रास होतो, आणि माझ्या कामामुळे काय बदललं, एवढं त्याला समजलं पाहिजे." मग निवेदनात पाण्याची गोष्ट आली. जागतिक आरोग्य संघटनेची फ्लोराइडची मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे. त्याच्या बरंच वर गेलेलं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की दातांवर तपकिरी डाग पडतात, आणखी गेलं की हाडं ताठरतात, पाठ वाकते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत अशी गावं आहेत. नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेने तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची नालगोंडा पद्धत विकसित केली, ती भारताबाहेरही पोहोचली. भाचीचं काम त्याच्या पुढच्या पायरीचं: कमी खर्चात पुन्हा पुन्हा वापरता येईल असा शोषक पदार्थ. निवेदनातल्या प्रत्येक वाक्यामागे कंसात एक्झिबिटचा क्रमांक. ज्या वाक्याला क्रमांक मिळाला नाही ते वाक्य गेलं. वर्तमानपत्रांत, भाषणांत, सत्कार समारंभांत आपण किती वाक्यं विनाक्रमांक बोलतो, हे त्या टेबलाशी बसून मला प्रकर्षाने जाणवलं.

पुराव्यांच्या थप्प्यांमध्ये सगळ्यांत जिवंत थप्पी असते शिफारसपत्रांची. बाडाचा खरा जीव तिथे आहे. पत्रं दोन तऱ्हेची असतात. एक, ज्यांनी अर्जदाराबरोबर काम केलं त्यांची: मार्गदर्शक, विभागप्रमुख, सहलेखक. ती आतली हकीकत सांगतात. दुसरी, ज्यांनी अर्जदाराला कधी पाहिलंही नाही त्यांची. त्यांनी फक्त काम वाचलेलं असतं, वापरलेलं असतं. बाडाला ही दुसरी पत्रं अधिक प्रिय, कारण त्यांत ओळखीचा ओलावा नसतो, केवळ कामाची ओळख असते. भाचीच्या बाडात इथिओपियातल्या एका प्राध्यापकांचं पत्र होतं. तिथल्या रिफ्ट व्हॅलीतल्या विहिरींना हाच रोग आहे. त्यांनी तिचा शोधनिबंध वाचून आपल्या विद्यार्थ्यांकडून तो पदार्थ करून घेतला होता, गावातल्या पाण्यावर तपासला होता, आणि कुठे अडलं, कुठे जमलं ते साध्या शब्दांत कळवलं होतं. स्तुतीचं वाक्य सबंध पत्रात एखाददुसरंच. तरी त्या थप्पीतलं तेच पत्र मला सगळ्यांत वजनदार वाटलं. पांढरकवड्याच्या मुलीने केलेलं काम आफ्रिकेतल्या विहिरीपर्यंत गेलं, आणि ते तिला पत्र मागेपर्यंत ठाऊकही नव्हतं. संशोधकाला आपल्या कामाची वाट पुढे कुठवर जाते हे सहसा दिसत नाही. बाड बांधताना ते दिसतं. ग्रीनकार्ड मिळो न मिळो, ही मिळकत बाडाने दिलेलीच असते.

काय स्वीकारायचं आणि काय नाही याबाबत ते कडक आहे. वर्गणी भरून कुणालाही मिळणारं सभासदत्व त्याला चालत नाही. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेची फेलोशिप चालते, कारण ती कर्तृत्व तोलून दिली जाते. नियतकालिकाच्या संपादकाचं परीक्षणाचं निमंत्रण पुरत नाही, परीक्षण पूर्ण केल्याचा पुरावा लागतो. म्हणून वर्षानुवर्षं इनबॉक्समध्ये पडून राहिलेली संपादकांची आभाराची पत्रं अचानक मोलाची होतात. रात्री जागून, एक पैसा न घेता, कुणा अनोळखी माणसाच्या लेखातल्या चुका काढून दिल्याची ती पावती असते. शोधनिबंधांना मिळालेली सायटेशन्स मोजली जातात आणि त्याच विषयातल्या, त्याच वर्षातल्या इतर निबंधांशी ताडली जातात, कारण गणितातली शंभर सायटेशन्स आणि वैद्यकातली शंभर सायटेशन्स सारखी नसतात. मराठी वर्तमानपत्रातलं एखादं कात्रण घालायचं तर त्याचा पूर्ण इंग्रजी अनुवाद आणि अनुवादकाने सही करून दिलेली ग्वाही जोडावी लागते. भाचीबद्दल तिच्या गावाकडच्या दैनिकात आलेली चौकट तिच्या बाबांनी जपून ठेवली होती. तिचा अनुवाद मी केला. सहीच्या जागी मला दोन्ही भाषा चांगल्या येतात असं लिहून द्यायचं होतं. त्या ओळीखाली सही करताना माझा हात जरा जपून चालला.

इतकी नजर असूनही बाडाला काही गोष्टी दिसत नाहीत. फसलेले प्रयोग त्याला दिसत नाहीत, आणि संशोधनाचा बहुतेक काळ त्यातच जातो. पाण्याचे नमुने भरून आणणारा माणूस, भट्टीचं तापमान सांभाळणारा तंत्रज्ञ, हातपंपाशी उभं राहून गावाला समजावणारी अंगणवाडी सेविका, यांची नावं एक्झिबिटमध्ये येत नाहीत. सगळं काम सगळ्यांनी मिळून केलेलं असतं आणि बाडाला एकाच माणसाबद्दल बोलायचं असतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकी इमिग्रेशन खात्याने आपल्या मार्गदर्शक पुस्तिकेत स्पष्ट केलं की संघाला मिळालेल्या पुरस्कारातला अर्जदाराचा वाटाही ग्राह्य धरता येईल. आजच्या विज्ञानाची रीत ओळखणारी ही सुधारणा आहे. तरी 'आम्ही' लिहिण्याची सवय असलेल्या माणसाला पानोपानी 'मी' लिहावं लागतं, आणि मराठी घरात वाढलेल्या माणसाला ते जड जातं. आपल्याकडे स्वतःबद्दल बोलणं म्हणजे मिरवणं, असं लहानपणीच शिकवलेलं असतं. भाचीने यावर आपल्यापुरता मार्ग काढला. जे तिने केलं ते 'मी' म्हणून लिहिलं, आणि जे दुसऱ्याने केलं तिथे त्या व्यक्तीचं काम नेमकं नोंदवलं. श्रेय घेताना आणि देताना सारखाच नेमकेपणा ठेवला की संकोच उरत नाही, हे तिने मला दाखवलं.

टपालात पडल्यावर बाडाचा प्रवास सुरू होतो. जास्तीचं शुल्क भरलं तर पंधरा कामकाजी दिवसांत काहीतरी उत्तर येतं. नाहीतर महिनोन्‌महिने वाट पाहायची. उत्तर बहुधा तीन तऱ्हेचं असतं: मंजुरी, नामंजुरी, किंवा आणखी पुरावा द्या अशी नोटीस. या नोटिशीला सगळे आरएफई म्हणतात, आणि तिला उत्तर द्यायला जास्तीत जास्त बारा आठवडे मिळतात. अर्जदार घाबरतात ते तिलाच. खरं तर ती संवादाची संधी असते. अधिकाऱ्याने कुठे शंका घेतली हे त्यातून कळतं, आणि चांगलं बाड त्या शंकेपाशी थांबून पुन्हा शांतपणे बोलतं. कायदा इथे अशक्य कोटीतलं काही मागत नाही. दावा खोटा असण्यापेक्षा खरा असण्याची शक्यता अधिक आहे, एवढं पारडं झुकलं तरी पुरतं.

बाड वाचण्याची रीतसुद्धा एका संशोधकाच्या बाडामुळेच ठरली. काझेरियन नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाचा अर्ज नामंजूर झाला आणि खटला नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयापर्यंत गेला. २०१० मध्ये निकाल लागला. न्यायालय म्हणालं, नियमात नसलेल्या अटी अधिकाऱ्याने कसोटीपाशीच घुसवू नयेत. उदाहरणार्थ, नियम अभ्यासपूर्ण लेख मागतो, तर लेख आहेत की नाहीत तेवढंच तिथे पाहावं. त्या लेखांचा प्रभाव किती, हे नंतर सगळ्या पुराव्यांचं एकत्र वजन करताना पाहावं. तेव्हापासून बाड दोनदा वाचलं जातं. आधी कसोट्या मोजल्या जातात, मग सगळं मिळून हा माणूस खरंच शिखरावर आहे का हे तोललं जातं. ज्याच्या नावाने ही रीत चालते तो स्वतः मात्र तो खटला हरला. न्यायालयाच्या हिशेबात त्याच्या दोनच कसोट्या पुऱ्या होत होत्या. त्याच्या नंतर अर्ज करणाऱ्या हजारो संशोधकांना नियमातली अट नियमाइतकीच राहील याचा आधार मिळाला. त्याच्या त्या हरलेल्या बाडाबद्दल मला आदर वाटतो.

आता बाडाचं दुःख सांगायला हवं, कारण ते भारतीय माणसाच्या वाट्याला अधिक येतं. बाड मंजूर झालं म्हणजे ग्रीनकार्ड हातात पडलं असं नाही. मंजुरीनंतर व्हिसा क्रमांक उपलब्ध असावा लागतो. नोकरीवर आधारलेली ग्रीनकार्डं वर्षाला साधारण १,४०,००० आणि त्यात जोडीदार-मुलंही मोजलेली. पहिल्या पसंतीच्या गटाला, म्हणजे ईबी-१ला, त्यांतली सुमारे चाळीस हजार. त्यावर आणखी एक मर्यादा, कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना सात टक्क्यांच्या आसपास. इतरांकडून उरलं तर त्याहून अधिक. इथे नागरिकत्व पाहत नाहीत, जन्मस्थान पाहतात. आइसलँडमध्ये जन्मलेल्या आणि पांढरकवड्यात जन्मलेल्या माणसाची बाडं एकाच दिवशी, एकाच अधिकाऱ्याने, एकाच मापाने मंजूर केली, तरी पहिल्याला लगेच पुढे जाता येतं आणि दुसऱ्याला रांगेत उभं राहावं लागतं. २०२५च्या बऱ्याच महिन्यांत भारतात जन्मलेल्यांसाठी या गटाची तारीख फेब्रुवारी २०२२वर थांबलेली होती, म्हणजे त्याआधी अर्ज केलेल्यांनाच पुढे जाता येत होतं. दुसऱ्या पसंतीच्या गटातली रांग तर एका दशकाहून लांब. या रांगेत मुलं मोठी होतात आणि एकवीस वर्षं उलटली की आईबापांच्या अर्जातून बाहेर पडण्याचा धोका त्यांच्यापुढे उभा राहतो. एकच दिलासा आहे: आधी मंजूर झालेल्या एखाद्या अर्जाची जुनी तारीख नव्या बाडाला वापरता येते. त्या तारखेमुळे कित्येक घरांत अचानक दिवाळी झालेली आहे.

कर्तृत्व एका पारड्यात आणि जन्मस्थान दुसऱ्या पारड्यात घालण्याची ही पद्धत नवी नाही. भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्याबरोबर स्नायूंच्या ऊर्जेचं रसायन उलगडत होते, पुढे लेडर्ली कंपनीत फॉलिक ॲसिड आणि मेथोट्रेक्सेटच्या कामामागे उभे होते, त्या काळाच्या मोठ्या भागात अमेरिकेचा कायदा भारतीयांना नागरिकत्वच देत नव्हता. १९४६च्या कायद्याने ते दार उघडलं आणि साऱ्या भारतासाठी वर्षाला शंभर जागा ठेवल्या. सुब्बाराव १९४८ मध्ये गेले, ते अमेरिकेचे नागरिक न होताच. मेथोट्रेक्सेट आजही कर्करोगाच्या आणि संधिवाताच्या रुग्णांना दिलं जातं. १९६५च्या कायद्याने देशांची जुनी उतरंड मोडली आणि १९९०च्या कायद्याने हे बाड दिलं, ही मोठी वाटचाल आहे हे मान्यच. पण दार योग्यतेने उघडायचं आणि उंबरठ्यावर जन्मगाव विचारायचं, हा अन्याय अजून शिल्लक आहे, आणि तो अमेरिकेने स्वतःच्याच भल्यासाठी दूर करायला हवा.

अलीकडे या बाडाला दोन रोग जडू पाहत आहेत. पहिला बाजाराचा. प्रोफाइल घडवून देतो म्हणणारे दलाल निघाले आहेत. पैसे भरा, पुरस्कार घ्या. पैसे भरा, परीक्षक व्हा. पैसे भरा, तुमच्यावर लेख छापून आणू. पैसे भरा, शोधनिबंधावर तुमचं नाव घालू. अशा कागदांनी जाड झालेली बाडं टेबलावर आली की अधिकाऱ्याची नजर संशयी होते, आणि त्याचा भुर्दंड प्रामाणिक बाडांना बसतो. खोट्या पुराव्याचा डाग तर माणसाच्या पुढच्या प्रत्येक अर्जाला चिकटतो. हे करणाऱ्यांत आपली मराठी मुलंही आहेत, आणि रांगेच्या भीतीने त्यांना तिथवर ढकललं हे मला कळतं. पण भीती समजून घेता येते, खोटी साक्ष समजून घेता येत नाही.

दुसरा रोग वरून आलेला. सप्टेंबर २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी गोल्ड कार्डाचा आदेश काढला. व्यक्तीने सरकारला दहा लाख डॉलरची देणगी दिली तर ती देणगी याच ईबी-१च्या गटात विलक्षण क्षमतेचा पुरावा मानावी, असं त्यात म्हटलं आहे. सरकारला पैसा घेऊन परवानगी द्यायची असेल तर त्यासाठी वेगळी वाट काढता येते. गुंतवणूकदारांची अशी वाट १९९०पासून आहेच. विद्येसाठी, कलेसाठी, खेळासाठी राखलेल्या जागेवर पैशाला साक्षीदार म्हणून उभं करणं मला अयोग्य वाटतं. इथिओपियातल्या प्राध्यापकाच्या त्या एका पत्रात जे होतं ते दहा लाख डॉलरच्या धनादेशात नसतं. धनादेश पैसा आहे एवढंच सांगतो. पत्र सांगतं की एका माणसाचं काम दुसऱ्याच्या उपयोगी पडलं.

मंजुरी झाली, तारीख आली, म्हणजे मग छोटी कामं उरतात: वैद्यकीय तपासणी, बोटांचे ठसे, जन्मदाखला. या शेवटच्या कागदापाशी महाराष्ट्रातल्या माणसाची हमखास धावपळ होते. नगरपरिषदेच्या नोंदीत मुलीचं नावच नसतं, आडनावाचं स्पेलिंग पासपोर्टशी जुळत नाही, मग शाळा सोडल्याचा दाखला आणि वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं गोळा करावी लागतात. पाचशे पानांचं बाड जगभरातून साक्षी गोळा करून मंजूर होतं आणि एका जन्मनोंदीसाठी अडतं. भाचीचा दाखला तिच्या आईने पांढरकवड्यात खेटे घालून दुरुस्त करून आणला. साक्षीदारांच्या यादीत आईचं नाव कुठेच नव्हतं, तरी शेवटचा पुरावा तिचाच.

आणि इतकं करून हातात येतं ते पाकिटात मावणारं कार्ड. दहा वर्षांनी ते बदलून घ्यावं लागतं. त्यावर काम करता येतं, राहता येतं. देशाच्या निवडणुकीत मत देता येत नाही. पाच वर्षांनी नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. बाडाचं काम मात्र कार्ड येण्याच्या कितीतरी आधी संपलेलं असतं. मंजुरीच्या दिवशीच ते मुकं होतं.

त्याच्याबद्दल माझं मत पक्कं आहे. माणसाची किंमत ठरवण्याचा अधिकार या बाडाला नाही. ज्यांचं बाड नामंजूर झालं त्यांत मोठी माणसं आहेत, आणि ज्यांना ते बांधण्याची वेळच आली नाही अशी कितीतरी माणसं नागपूर-पुण्याच्या प्रयोगशाळांत बसून तितकंच मोलाचं काम करत आहेत. पण माणसाने केलेल्या कामाची साक्ष गोळा करण्याची इतकी बारकाईची रीत मी दुसरी पाहिलेली नाही. म्हणून परदेशी जायचं असो वा नसो, प्रत्येक तरुण संशोधकाला माझं सांगणं आहे: आपल्या कामाची नोंद आजपासून ठेवा, कुणी परीक्षणाला बोलावलं तर मन लावून करा, ज्यांच्या मदतीने काम झालं त्यांची नावं लिहून ठेवा, आणि ज्याची खरी साक्ष तुमच्या पाठीमागे कुणी देणार नाही असा एकही कागद विकत घेऊन त्यात घालू नका.